पाकिटात कोणता जिवाणू आहे, तेवढं तरी छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोयापेंड 'प्रोबायोटिक' (उपयोगी जिवंत जिवाणूंची पूड) घालून आंबवा आणि कोंबड्यांना चारा, खाद्याचा खर्च निम्म्यावर येतो, असे व्हिडिओ सध्या आमच्या गावात घरोघरी बघितले जातात. मी दोन वर्षं हा उद्योग करतो आहे. खर्च निम्म्यावर येत नाही. फायदा होतो, पण वेगळाच, आणि त्याआधी माझा एक ड्रम वाया गेला.

माझ्याकडे चारशे वनराजा पक्षी आहेत. पहिल्या उन्हाळ्यात तालुक्याच्या दुकानातून पाकीट आणलं. वर कोंबड्याचं झकास चित्र, 'प्रोबायोटिक' हा शब्द चार ठिकाणी. आत कोणता जिवाणू, ग्रॅममागे जिवंत किती, हवा लागते की नाही, याबद्दल अक्षर नाही. दुकानदार म्हणाला, "काका, विरजणासारखंच असतंय ते." मी विश्वास ठेवला. ५० किलो डीओसी, म्हणजे तेल काढलेली सोयापेंड, गुळाच्या पाण्यात भिजवली, मुठीत दाबल्यावर गोळा होईल पण थेंब पडणार नाही इतपत. मूरघासासारखी निळ्या ड्रममध्ये चेपून झाकण घट्ट लावलं. चौथ्या दिवशी उघडलं तर आंबट वासाचा पत्ता नाही. तळाशी काळपट चिकट थर आणि मेलेल्या उंदराची घाण. सगळं खड्डा करून पुरलं.

उलगडा आमच्या पशुवैद्यक डॉक्टरांनी केला. लॅक्टोबॅसिलस हा दह्याच्या गोतातला. त्याला हवा नको. तो आम्ल तयार करतो, सामू (पीएच) साडेचारच्या आसपास उतरला की कुजवणारे जंतू मागे हटतात. बॅसिलस सबटिलिसची तऱ्हा उलटी. त्याला हवा पाहिजे, पेंड गरम होते, तार धरते, वास उग्र येतो. माझ्या पाकिटात बहुधा हाच होता, आणि मी त्याला झाकणाखाली कोंडलं.

उग्र वासाची मला भीती नव्हती. फौजेत असताना दिमापूरला होतो. शेजारचं सुमी नागा कुटुंब उकडलेलं सोयाबीन पानात बांधून चुलीजवळ ठेवायचं, त्याची अखुनी. पहिल्या दिवशी आम्ही नाकाला रुमाल लावला, महिन्याभरात मागून खाऊ लागलो. तीही बॅसिलसचीच करणी, जपानच्या नट्टोसारखी. दुसऱ्या खेपेला जिवाणूचं नाव छापलेलं पाकीट शोधलं, पेंड ट्रेमध्ये चार बोटं जाडीची पसरून वर ओलं गोणपाट टाकलं. दोन दिवसांत तोच दिमापूरचा वास आला आणि मी मनातल्या मनात हुश्श केलं.

आता फायदा. सोयाबीनमध्ये स्टॅकिओज, रॅफिनोज अशा साखरा असतात. त्या पचवणारं विकर कोंबडीकडे नाही, म्हणून विष्ठा पातळ आणि चिकट होते. जिवाणू त्या साखरा आधीच खातात आणि प्रथिनांचे लांब धागेही तोडून ठेवतात. खाद्यातल्या पेंडीपैकी पाव भागच मी आंबवलेला देतो, तरी शेडमधलं तूस मुठीत घेतलं की भुरभुरतं. पूर्वी त्याची ढेकळं व्हायची आणि अमोनियाने डोळे चुरचुरायचे.

व्हिडिओवाले शेतातलं कच्चं सोयाबीन भरडून थेट आंबवायला सांगतात, ते मात्र करू नये. त्यातला ट्रिप्सिन (प्रथिनं पचवणारं विकर) रोखणारा घटक उष्णतेने मारावा लागतो, नाहीतर पिल्लांचं स्वादुपिंड सुजतं आणि वाढ खुंटते. बुरशी लागलेला मालही आंबवून शुद्ध होईल या भरवशावर राहू नये.

युरोपने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालणं २००६ पासून बंद केलं. आपल्याकडे २०१९ मध्ये जनावरं-कोंबड्यांना कोलिस्टिन हे प्रतिजैविक देण्यावर बंदी आली. त्यामुळे जिवाणूंचा हा धंदा वाढणारच, वाढावाही. पण लातूरच्या एप्रिलमध्ये पत्र्याच्या दुकानात लॅक्टोबॅसिलस किती तगणार? बॅसिलस बीजाणूंच्या रूपात तग धरतो. म्हणजे नाव कळल्याशिवाय पाकीट जिवंत की मेलेलं, हेही कळायचं नाही.

पशुसंवर्धन विभागाने पाकिटावर जिवाणूचं पूर्ण नाव, ग्रॅममागे जिवंत संख्या, मुदत, साठवणीचं तापमान आणि हवेची गरज मराठीत छापायला लावावी. नमुने तपासायला उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे. माझा ड्रम बुडवणारं पाकीट परवाही त्याच दुकानात टांगलेलं दिसलं. कोंबड्याचं चित्र नवीन आहे, बाकी मजकूर तोच.

आपला,
एक माजी सैनिक, कुक्कुटपालक
ता. औसा, जि. लातूर