पुरवणी मागण्यांत आधीचा हिशेबही मागा

संपादक महोदय,

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्यांवर (अर्थसंकल्पानंतर सरकारने मागितलेल्या जादा खर्चाच्या मंजुरीवर) बोलताना बरेच आमदार तालुक्यातला रस्ता, पूल, बंधारा मागतात आणि खाली बसतात. मागणे चूक नाही. पण राज्यघटनेच्या कलम २०५ खालच्या या चर्चेत जादा पैसा का लागतो, हे आधी विचारायला हवे. मागणी क्रमांक व लेखाशीर्ष (खर्च ज्या खात्यावर नोंदतात ते शीर्षक) सांगून विचारावे : मूळ तरतूद किती, वितरित किती, खर्च किती, पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याची उपयोगिता प्रमाणपत्रे किती कामांची बाकी?

आमच्याकडच्या गोसीखुर्द धरणाचेच बघा. त्याची पायाभरणी १९८८ ची. ३७२ कोटींचा अंदाज १८ हजार कोटींच्याही वर गेला. धरण उभे राहिले, पण धानाच्या बांधीत पाणी येते ते वितरिका (कालव्याच्या शाखा) आणि पाटचाऱ्यांतून. म्हणून ‘सिंचनाला निधी द्या’ एवढ्याने भागत नाही. कोणती वितरिका कोणत्या किलोमीटरवर अडली, भूसंपादनामुळे की कंत्राटामुळे, हे नोंदीत आले पाहिजे.

शेवटच्या दिवशी उरलेल्या मागण्या चर्चेविना मताला टाकल्या जातात. त्यामुळे कपात सूचना (मागणीची रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव, ज्यातून आमदाराला तो प्रश्न मांडता येतो) मुदतीतच द्यावी. कॅगचा (देशाच्या महालेखापरीक्षकांचा) अहवाल पटलावर आला की तो तपासणाऱ्या आमदारांच्या लोकलेखा समितीत परिच्छेद क्रमांकानिशी पाठपुरावा आमच्या आमदारांनी करावा, ही कळकळीची विनंती.

– एक शेतकरी वाचक, ता. पवनी, जि. भंडारा