मोबाइल काढून घेण्याआधी हाताला काम द्या

महोदय,

मुलांच्या मोबाइलचा विषय निघाला की पालकसभेत एकच सूर लागतो : काढून घ्या. मी शाळेत कार्यानुभव शिकवते. मला यात अर्धीच गोष्ट बोलली जाते असे वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी बसल्या जागी स्क्रीन पाहण्याला दिवसाला जास्तीत जास्त एक तास अशी मर्यादा सांगितली. कमी तितके बरे. लहानग्यांना ती ठीक आहे. पण अकरा-बारा वर्षांच्या मुलाकडून काढून घेतलेला तास भरायचा कशाने?

सहावीतला एक मुलगा बटण शिवण्याचा व्हिडिओ बघून आला होता. कृती तोंडपाठ! सुई हातात दिली तर दोरा गुंतला आणि स्वारी थांबली. व्हिडिओत दोरा गुंततच नाही ना. मग बटण इतके घट्ट बसवले की काजातून जाईना. उसवले. बटणाखाली काडेपेटीची काडी ठेवून टाके घालायचे, मग काडी काढून सैल राहिलेल्या दोऱ्याला बटणाखालून वेढे द्यायचे, हे त्याला दुसऱ्या खेपेला उमजले. व्हिडिओला मी नावे ठेवत नाही; त्यामुळेच तर गडी सुई धरायला तयार झाला. पण दोरा सोडवण्याचा कंटाळवाणा वेळ मुलांना कोणीतरी द्यावा लागतो.

घरी नेमका तोच मिळत नाही. ‘राहू दे, तुला वेळ लागेल, तू अभ्यासाला बस’ म्हणत आपणच हातातले काम काढून घेतो. रिकाम्या हातात मोबाइल येणारच. आणि तक्रारही आपलीच!

वर्गात कधी विचारते, आईचा किंवा बाबांचा नंबर कोणाला पाठ आहे? मोजकेच हात वर होतात. स्वतःचा मोबाइल बंद पडला आणि दुसऱ्याचा मागून घेतला, तरी ही मुले लावणार कोणाला? तासाभरात होणारे पाठांतर आहे, आज संध्याकाळीच करून घ्यावे.

आपल्याला एक विनंती. मुलांच्या पुरवणीत दर आठवड्याला हाताने करायचे एखादे काम चित्रांसह छापावे : सायकलची चेन बसवणे, कपड्यांची घडी, फाटलेल्या वहीची शिवण. सोबत क्यूआर कोड मात्र नको.

– एक कार्यानुभव शिक्षिका