प्राजूला: लागणीच्या वहीतली १०/०७

चि. प्राजक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन झाल्यावर झोप काय नीट लागली नाही. तू म्हणालीस चाकणच्या त्या कंपनीत ईआरपी, म्हणजे खरेदी-स्टोअर-हिशेब सगळं एकाच जागी ठेवणारं सॉफ्टवेअर, बसवायचं काम तुमच्या टीमकडं आलंय आणि तिथला स्टोअरचा एक म्हातारा माणूस सारखा आडवा येतोय, स्वतःची वही सोडायलाच तयार नाही. "पप्पा, त्याला बदल नकोच आहे," म्हणालीस. मी तेव्हा काही बोललो नाही, तुझी आई ताट वाढून हाका मारत होती. पण ते डोक्यात घोळत राहिलं म्हणून हे लिहायला बसलोय, मोबाईलवर टाइप करतोय तेव्हा चुकलंमाकलं समजून घे.

तुला माहितीच आहे, मी ३१ वर्षं साखर कारखान्याच्या शेती विभागात काढली. चिटबॉय म्हणून, म्हणजे गावोगाव उसाच्या नोंदी घेऊन तोडणीच्या चिठ्ठ्या देणारा म्हणून लागलो, नंतर गट ऑफिसला क्लार्क झालो. त्या काळात चिटबॉय म्हणजे गावात केवढा मोठा माणूस, आज सांगून पटणार नाही. कुणाच्या फडात तोडणीची टोळी घालायची ते त्याच्या हातात. लागणीच्या तारखेप्रमाणं तोड द्यायची हा नियम कागदावर होताच, पण पुढाऱ्याचा फोन आला की क्रमपाळी मोडायची, आणि ज्याच्या मागं कोणी नाही त्याचा ऊस उभा वाळायचा. मी हे डोळ्यांनी बघितलंय, आणि खरं सांगतो, एक-दोनदा माझ्याच हातनंही झालंय, नोकरी नवीन होती, साहेबाला नाही म्हणायची हिंमत नव्हती.

त्यामुळं कॉम्प्युटर आला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता. तोडणीचा प्रोग्रॅम लागणीच्या तारखेवरनं मशीनच काढणार, यादी भिंतीवर लागणार, मग कोण कशाला भांडेल. वजनाचंही तसंच, पूर्वी काट्यावरची पावती गाडीवानाकडं, ती मालकाच्या हातात पडेपर्यंत दोन दिवस, तोवर गावात चर्चा की काटा मारला म्हणून. आता गाडी काट्यावरनं खाली उतरते न उतरते तोवर शेतकऱ्याच्या मोबाईलवर टनेज पडतं. हे काम ज्या पोरांनी केलं त्यांचे उपकार आहेत आमच्यावर, आणि तू त्याच लाइनमध्ये आहेस याचा मला फार अभिमान आहे.

ऑफिसच बदलून गेलं बघ. आधी मी आकडा गट ऑफिसला द्यायचो, गट ऑफिस शेती अधिकाऱ्याला, ते एमडी साहेबांना, आज किती टन येणार हे वर कळेपर्यंत दुसरा दिवस उजाडायचा. मधल्या प्रत्येक माणसाचं वजन एवढ्यावरच होतं की आकडा त्याच्याकडं आहे. मग एमडी साहेब सकाळी चहा पितानाच मोबाईलवर सगळं बघायला लागले आणि शेती अधिकाऱ्याला फोन जायचा तो आकडा विचारायला नाही, आकडा कमी का म्हणून जाब विचारायला. चांगली चांगली माणसं त्यात खचली गं. काम तेच, पगार तोच, पण आपल्याला काय माहीत आहे याची किंमत गेली. तुमच्या स्टोअरच्या माणसाचं असंच काही असेल का, एकदा विचार करून बघ.

आणि सॉफ्टवेअरनं सगळंच हलतं असंही नाही. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय. आमच्याकडं हातानं बिलं करायला पंधरवडा जायचा, आता रात्रीत तयार होतात. पण साखर गोडाऊनमध्ये पडून असली आणि बँक पुढचं कर्ज उचलू देत नसली की बिल तयार असून शेतकरी हेलपाटे घालतोच.

आता खरी गोष्ट सांगतो, ही मी तुला कधी सांगितली नव्हती. २०१७ च्या उन्हाळ्यात कारखान्यात नवीन सॉफ्टवेअर आलं, तू तेव्हा दहावी होऊन अकरावीच्या ॲडमिशनच्या गडबडीत होतीस. जुन्या सिस्टीममधल्या सगळ्या लागण नोंदी नव्यात घेतल्या. माझ्या पट्ट्यात एक आजी होत्या, मालक वारलेले, पोरगा मुंबईला, ३० गुंठे आडसाली, म्हणजे जुलै-ऑगस्टात लावून दीडएक वर्षानं तोडायचा ऊस. लागण १० जुलै २०१६ ची, मी स्वतः बांधावर उभं राहून वहीत लिहिलेली, खाली त्यांचा अंगठा. म्हणजे नोव्हेंबरात सीझन सुरू झाला की पहिल्या यादीत नाव पाहिजे. नाव आलं नाही. दुसऱ्या यादीत नाही, तिसऱ्या यादीत नाही. आजी रोज ऑफिसच्या पायरीवर येऊन बसायच्या, पिशवीत भाकरी बांधून. ऊस निघाला की त्या रानात गहू टाकायचा होता त्यांना. मी स्क्रीनवर बघितलं तर लागण ७ ऑक्टोबर. मी म्हटलं आजी, कॉम्प्युटरमध्ये तारीख उशिराची आहे. त्या म्हणाल्या, "बाळा, तुझ्या वहीत बघ की, तूच लिवलंस न्हवं?" मी वही उघडली, माझ्याच अक्षरात १०/०७. आणि मी त्यांना काय सांगितलं माहितीये, की वहीचं आता चालत नाही, मला बदलायचा अधिकार नाही. अधिकार खरंच नव्हता. राइट्स फक्त हेड ऑफिसच्या ईडीपीत, म्हणजे कॉम्प्युटर विभागात, आणि ते म्हणायचे डेटा सॉफ्टवेअरवाल्या कंपनीनं भरलाय, पुण्याला मेल टाका.

मग मी रात्री घरी सगळ्या वह्या काढून यादीशी ताडून बघितल्या. तारीख १३ किंवा पुढची असेल तिथं सगळं बरोबर, १२ च्या आतली असेल तिथं दिवस आणि महिना उलटलेला. ईडीपीतला एक पोरगा चांगला होता, त्यानं सांगितलं की फाइल घेताना कॉम्प्युटरनं तारीख अमेरिकन पद्धतीनं, म्हणजे महिना आधी अशी वाचली. १३ वा महिनाच नसतो त्यामुळं त्या नोंदी अडल्या आणि कुणीतरी हातानं नीट केल्या. ५ जुलैचं ७ मे झालेलंही कुणाच्या तरी नजरेत आलं, मेमध्ये कोण लागण करतंय. पण १० जुलैचं ७ ऑक्टोबर झालं, ११ ऑगस्टचं ८ नोव्हेंबर झालं, ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे पूर्वहंगामी लागणीचेच दिवस, दिसायला सगळं एकदम रीतसर, त्यामुळं कुणाला शंकाच आली नाही.

दुरुस्ती व्हायला जानेवारी संपत आला. आजींच्या फडात टोळी गेली तोवर उसाला तुरे येऊन दशी पडली होती, म्हणजे ऊस आतनं पोकळ झाला होता. ४५ टनाची अपेक्षा होती, ३६ भरला. गव्हाचा विषयच नव्हता. भरपाई कुणाकडं मागणार, चूक कुणाची म्हणून कागदावरच नव्हती. आजी मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, उलट म्हणाल्या तू तरी काय करणार. ते मला अजून लागतं बाळा. पूर्वी माझ्यावर ओरडायला, माझी गचांडी धरायला तरी लोकांना माणूस होता, आणि मनात आणलं तर मी एक टोळी इकडची तिकडं करू शकत होतो. त्या अधिकाराचा वाईट वापर व्हायचा म्हणून तो काढून घेतला, ते बरोबरच केलं. पण चूक दुरुस्त करायचा अधिकारही त्याच्याबरोबर गेला आणि तो सांगली जिल्ह्यात कुणाकडंच उरला नाही.

म्हणून तुला एवढंच सांगतो, त्या स्टोअरच्या माणसाशेजारी एक अख्खा दिवस बस. मीटिंग रूममध्ये बोलावू नको, त्याच्या टेबलावर जा, चहा घे, वही बघायला माग. तो वही का सोडत नाही ते त्याला नीट सांगता येणार नाही कदाचित, मलाही आलं नसतं. पण त्याच्या वहीत असं काही लिहिलेलं असेल ज्याला तुमच्या स्क्रीनवर रकानाच नाही, कुठला सप्लायर कमी माल पाठवतो, कुठला पार्ट आधी बदलायला लागतो. आणि तुमची सिस्टीम सुरू झाल्यावर चूक सापडली तर ती त्याच दिवशी, त्याच जागेवर बसून कोण दुरुस्त करणार, त्या माणसाचं नाव आधी ठरवून घे, साहेबांकडनं लिहून घे. कुणी काय बदललं याची नोंद मशीन ठेवतंच ना, मग भ्यायचं कशाला. पहिला सीझन म्हणजे तुमचे पहिले काही महिने जुनी वही आणि नवीन सिस्टीम दोन्ही चालू राहू दे, डबल काम होतं, लोक कुरकुरतात, तरी राहू दे. जुना डेटा आत घेतल्यावर २०-२५ नोंदी स्वतः वहीशी ताडून बघ, १२ च्या आतल्या तारखा मुद्दाम बघ.

तुझं काम तुला शिकवतोय असं वाटून घेऊ नको, तुला माझ्यापेक्षा शंभर पटीनं जास्त कळतं. आई म्हणते रात्री उशिरापर्यंत जागत जाऊ नको, जेवण वेळेवर कर. इकडं पाऊस बरा आहे, कृष्णेचं पाणी अजून पात्रातच आहे. २०१६ ची ती लागणीची वही मी रिटायर होताना साहेबांना विचारून घरी आणलीय, माळ्यावर ट्रंकेत आहे. दिवाळीला आलीस की काढून दाखवतो, आजींच्या अंगठ्याची शाई अजून तशीच आहे.

तुझे पप्पा
सांगली