जांभळं द्रावण तपकिरी का झालं?

प्रिय बाळ्या,

तुझा फोटो पाहिला. सकाळी पिकल्या जांभळासारखं दिसणारं द्रावण संध्याकाळी गढूळ तपकिरी झालं म्हणजे फेरेट (लोखंडाचं +६ अवस्थेतलं जांभळं संयुग) बनलं होतं, पण टिकलं नाही. दोष भांड्याचा. पडदा नसला की लोखंडी ऍनोडवर (धन टोकावर) बनलेलं फेरेट कॅथोडवर (ऋण टोकावर) जाऊन मोडतं. मध्ये नॅफिऑन (आयन जाऊ देणारा प्लास्टिकचा पडदा) बसव आणि भांडं पॉलिप्रॉपिलीनचं घे, इतक्या तीव्र कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडने) काच झिजते.

कॉस्टिकात कंजुषी नको. १४ मोलर हवं, म्हणजे अर्धा लिटर द्रावणाला २८० ग्रॅम. भांडं बर्फात ठेवून गोळ्या थोड्या थोड्या पाण्यात टाक. गोळ्यांवर पाणी कधीच ओतू नकोस. माल शुद्ध बघून घे, निकेल-कोबाल्टच्या नुसत्या अंशानेही फेरेट लवकर विघटतं.

खरी मेख ऍनोडच्या कातडीत आहे. लोखंडावर ऑक्साइडची साय धरली की ऍमीटर तेवढाच करंट दाखवतो, पण त्यातून नुसता ऑक्सिजन सुटतो. ऍनोड सोडावॉटरसारखा फसफसायला लागला की समज, आणि करंट वाढवू नकोस (तू वाढवला असशीलच!). ऍनोड काढ, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बुडव, धू, मग वेगळ्या, ताज्या कॉस्टिकमध्ये काही मिनिटं त्यालाच कॅथोड करून चालव. पांढरं बीड मिळालं तर उत्तम: त्यातला कार्बन लोहकार्बाइडच्या रूपात असतो आणि साय सहज एकसंध होत नाही. करड्या बिडात तोच कार्बन ग्रॅफाइट होऊन बसतो, त्याचा उपयोग नाही.

५० चौ. सेंमी ऍनोडला अर्धा अँपिअर पुरे. तापमान ३५ अंशांच्या आसपास ठेव. थंडीत साय घट्ट धरते, फार तापलं तर फेरेटच जातं.

आता हिशेब. एका लोहअणूमागे ६ इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून अर्धा अँपिअर दोन तास चालवल्यास जास्तीत जास्त ६.२ मिलिमोल. ऍनोडकडचं द्रावण १०० मिली आहे असं धर. त्यातला थोडा नमुना पीएच ९च्या फॉस्फेट बफरमध्ये शंभरपट पातळ कर आणि लगेच स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ५१० नॅनोमीटरवर बघ. १ सेंमी क्युव्हेटमध्ये (नमुन्याच्या चौकोनी नळीत) शोषण ०.३४५ आलं, तर ११५० ने (फेरेटच्या मोलर शोषणांकाने) भागून आणि शंभराने गुणून मूळ द्रावण ०.०३ मोलर. म्हणजे ३ मिलिमोल, निम्मा करंट कामी आला. पहिल्या खेपेला एवढं चांगलंच.

घन हवं असेल तर बर्फगार संपृक्त पोटॅशियम हायड्रॉक्साइड घाल, पोटॅशियम फेरेट खाली बसतं. गाळायला कागद वापरू नकोस, फेरेट कागदालाच खातं. सिंटर्ड काचेचा (सच्छिद्र काचेच्या चकतीचा) फनेल घे, गाळलेलं घन हेक्झेनने धू आणि लगेच डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) टाक.

चष्मा न लावता गोळ्यांच्या डब्याला हात लावशील तर बघ.

तुझा,
अण्णा