तेलाच्या झारीचा लाल दिवा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, गाडी तापली की सिग्नलला तेलाच्या झारीचा दिवा लुकलुकतो आणि रेस दिली की विझतो, एवढ्यावरून इंजिनचं काम काढू देऊ नका. आधी तेलाचं प्रेशर (दाब) मोजून घ्यायचं. तोवर मात्र गाडी बाहेर काढायची नाही, गॅरेजपर्यंतसुद्धा नाही. मेकॅनिकलाच घरी बोलवा. हा लाल दिवा तेलाच्या दाबाचा असतो आणि बहुतेक गाड्यांत दाब 0.3 ते 0.5 बारच्या खाली गेल्यावरच लागतो. दाब खरंच तेवढा पडला असेल तर टर्बो आणि क्रँकच्या बेरिंगा कोरड्या घासतात.

तेलाची पातळी तुम्हीच बघा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) काढून पुसा, पूर्ण आत घाला, मग परत काढून बघा. दोन खुणांमध्ये साधारण एक लिटर बसतं. तेल खालच्या खुणेखाली असेल तर अर्धा लिटर ओतून पुन्हा बघा. काळं दिसलं म्हणून घाबरू नका. डिझेल गाडीचं नवं तेलही लवकरच काळं पडतं. पातळी वरच्या खुणेच्याही वर गेली असेल तर मात्र काळजीचं आहे. आई, तुझं नाक तिखट आहे, डिपस्टिकचा वास तू घे. डिझेलचा वास आला तर इंजेक्टर किंवा पंपातून डिझेल तेलात उतरतंय. अशा पातळ तेलाचा दाब गरम झाल्यावर टिकत नाही, आणि गळती न शोधता नुसतं तेल बदललं तर पैसे वाया.

पातळी ठीक असेल तर मेकॅनिकला प्रेशर स्विचची, म्हणजे तेलाचा दाब पडला की हा दिवा लावणाऱ्या स्विचची, वायर काढायला सांगा. एकाच वायरचा स्विच असेल तर किल्ली ऑन ठेवून वायर काढली की दिवा विझायला हवा. तरीही जळला तर वायर कुठेतरी बॉडीला लागून अर्थिंग होतंय. विझला तर मेकॅनिक लगेच ‘स्विच गेलाय’ म्हणेल. ते मानू नका. त्यातून फक्त वायरिंग बरं आहे एवढंच कळतं, दाब खरोखर कमी असला तरी दिवा तसाच विझेल.

म्हणून स्विच काढून तिथे दाब मोजायचा गेज लावायचा. इंजिन पूर्ण गरम हवं, थंड इंजिनवर आकडा नेहमीच छान येतो. नेमके आकडे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात. ढोबळ मानाने आयडलिंगला (रेस न देता) 1 बारच्या आसपास आणि 2000 आरपीएमला 2 ते 3 बार मिळाले तर नवा स्विच आणि नवा वॉशर, एवढंच काम.

दाब कमी भरला तर तेल आणि फिल्टर बदलून पुन्हा मोजा. मग चेंबर (इंजिनखालचं तेलाचं भांडं) उतरवून स्ट्रेनर, म्हणजे तेल ओढून घेणारी जाळी, गाळाने चोंदलाय का, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह अडकलाय का, ते बघायचं. चेंबर उतरलेलं असतानाच कनेक्टिंग रॉडच्या एक-दोन बेरिंगा खालून काढून बघता येतात. खालून ठकठक येत असेल तर इंजिन चालूच करू नका, थेट बेरिंगा तपासायच्या.

आणि ‘जाड तेल टाकतो, दिवा जाईल’ म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. दिवा जाईलही, झीज तिथेच राहील. गाडीच्या पुस्तकात 15डब्ल्यू-40 ग्रेडचं तेल लिहिलंय तर तेच.

गेजवरचे दोन्ही आकडे फोटो काढून पाठवा.

तुमची,
लेक