मंत्रीसाहेब, मुलांना सामान मोडायची मुभा द्या

माननीय शिक्षणमंत्री, गोवा राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी माशेलचा, आठवीतल्या मुलाचा बाप. मध्यंतरी शाळेत सायन्स प्रोजेक्ट होता, तर दुकानातून रेडिमेड थर्माकोलचा ज्वालामुखी आणण्याऐवजी पोरानं मानशीचं मॉडेल करायचं ठरवलं, आपल्या खाजनातली, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठच्या बांध घातलेल्या शेतातली मानस हो, बांधातलं पाण्याचं दार, भरतीला आपोआप बंद होते नि ओहोटीला उघडते ती. प्लॅस्टिकचा टब, मध्ये प्लायवूडचा बांध, सांध्यांना एम-सील, दाराला सायकलच्या ट्यूबची बिजागरी. पहिल्यांदा दार लावलं शेताच्या बाजूला, नदीकडं पाणी ओतलं तर दार उघडून सगळं शेत बुडालं. रडकुंडीला आला, पण मी उत्तर सांगितलं नाही, रविवारी त्याला सांतइस्तेवच्या बांधावर नेलं. बराच वेळ नुसता बघत उभा होता, मग ओरडलाच, बाबा दार नदीच्या बाजूनं पाहिजे, भरतीचं पाणीच त्याला चौकटीवर दाबून धरतं! तेव्हापासून फर्मागुडीचं इंजिनियरिंग कॉलेज बघायला कधी जायचं म्हणून मागं लागलाय.

साहेब, अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू करून बघायच्या प्रयोगशाळेसाठी, केंद्राकडून शाळेला २० लाखांपर्यंत मिळतात, कोडिंग-रोबोटिक्सची आपली केअर्स योजना आहे, त्याबद्दल खरंच आभार. पण मी एका शाळेत पाहिलं, थ्रीडी प्रिंटर कव्हराखाली झाकलेला नि लॅबची किल्ली ऑफिसच्या कपाटात. सरांना दोष देत नाही मी, वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायमच्या सामानाच्या वहीत चढलेली, उद्या मुलानं मोटर जाळली तर जबाब त्यांनीच द्यायचा ना? मग किट निघतं फक्त इन्स्पेक्शनच्या दिवशी.

हीच पोरं दिवाळीच्या आधी भंगारातली वायपर मोटर आणून नरकासुराच्या पुतळ्याचा हात हलवतात, वेल्डिंगवाल्याकडं बसून फ्रेम कशी उभी राहते ते शिकतात, चारदा वायर जळते, पाचव्यांदा चालतं. तिथं कोणी त्यांच्याकडून भरपाई मागत नाही, म्हणूनच तर ती शिकतात.

तेव्हा मोटर, सेन्सर, बोर्ड असलं सामान खडूसारखं वापरून संपणारं धरा, नि दरवर्षी त्यासाठी थोडे पैसे वेगळे द्या. आठवड्याला सलग दोन तास द्या, ३५-४० मिनिटांत नुसतं सामान मांडून होतं. मार्कं देताना मॉडेल किती चकचकीत ते बघू नका, काय चुकलं नि कसं दुरुस्त केलं ते मुलाच्या तोंडून ऐका.

आणि पुढच्या सर्क्युलरमध्ये एवढी एक ओळ घालाच: शिकताना मोडलेल्या सामानाची वसुली शिक्षकांकडून होणार नाही.

आपला,
एक पालक, माशेल