स्वयंपाकघर पाहून झाले, आता इमारतीचे दप्तर पाहा

विलेपार्ले (पूर्व), मुंबई

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

न्यूयॉर्कच्या अप्पर वेस्ट साइडमधल्या घराची तू पाठवलेली माहिती, नकाशा आणि छायाचित्रे मी व तुझ्या आईने दोनदा पाहिली. घर देखणे आहे यात वाद नाही. १९२० च्या दशकातली इमारत, सेंट्रल पार्क चालत पाच मिनिटांवर, जुन्या उंच छताखाली नवी लाकडी जमीन आणि संगमरवरी ओटा, हे पाहून कोणाचेही मन जाईल. मात्र भर दुपारी काढलेल्या प्रत्येक छायाचित्रात सगळे दिवे लावलेले आहेत, तेव्हा मागच्या खोलीत उजेड किती येतो हे तू एकदा दिवे मालवून पाहा. आईने एकच प्रश्न विचारला: फोडणीचा धूर कुठे जाणार? तिथल्या जुन्या इमारतींत शेगडीवरची चिमणी पुष्कळदा हवा गाळून पुन्हा घरातच सोडते, असे तूच मागे म्हणाला होतास. कपडे धुण्याचे यंत्र घरात ठेवायलाही तिथल्या अनेक को-ऑप, म्हणजे सहकारी इमारती, परवानगी देत नाहीत, तेही विचारून घे.

तू लिहितोस की ‘घर विकत घेतो आहे’. कायद्याच्या भाषेत तू घर घेत नाहीस. इमारत एका कंपनीच्या मालकीची असते, तू तिचे शेअर घेतोस आणि त्या शेअरच्या बळावर तुला त्या सदनिकेचे प्रोप्रायटरी लीज, म्हणजे राहण्याचा दीर्घ मुदतीचा भाडेकरार मिळतो. आपल्याला ही कल्पना परकी नाही. गावदेवीत श्रीपाद सुब्राव तालमकींच्या पुढाकाराने सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी १९१५ साली उभी राहिली, आणि ब्रुकलिनच्या सनसेट पार्कमध्ये फिनलंडहून आलेल्या कामगारांनी त्यानंतर वर्षभरातच आपली सहकारी इमारत बांधली. माझ्या कपाटातले पन्नास रुपयांच्या पाच शेअरांचे सर्टिफिकेट याच कुळातले आहे. फरक इतकाच की आपली सोसायटी सहसा इमारत गहाण टाकत नाही, आणि तिथे संपूर्ण इमारतीवर एक वेगळे कर्ज असणे ही नित्याची गोष्ट आहे. दरमहा एकवीसशे डॉलर मेन्टेनन्स ऐकून आई दचकली, परंतु त्यात मालमत्ता कर, नोकरवर्गाचे पगार, हिवाळ्यातली ऊब आणि या कर्जाचा हप्ता असे सारेच येते. म्हणून ते कर्ज किती आहे, त्याची मुदत कधी संपते आणि नव्या व्याजदराने ते पुन्हा काढावे लागले तर तुझा मेन्टेनन्स किती वाढेल, हे ओट्याच्या दगडाआधी विचार.

किंमत नऊ लाख पंच्याण्णव हजार का ठेवली, हे कळले असेलच. दहा लाख डॉलर किंवा अधिक किमतीचे घर घेणाऱ्याला न्यूयॉर्कमध्ये निदान एक टक्का ‘मॅन्शन टॅक्स’ भरावा लागतो. बोली लावण्याच्या भरात ती रेघ ओलांडलीस, तर तो कर वाढीव रकमेवर नव्हे, पूर्ण किमतीवर बसेल.

आता ज्या गोष्टीसाठी मुख्यतः हे पत्र लिहायला बसलो, ती सांगतो. नूतनीकरण करताना पूर्वीच्या कपाटाच्या जागी दुसरे बाथरूम काढले आहे, असे जुन्या आणि नव्या नकाशांची तुलना केल्यावर मला दिसते. जाहिरातीत त्याचे कौतुक आहे, मला मात्र तीच जागा खुपते. कोणाच्या झोपायच्या वा बसायच्या खोलीवर नळाची जागा येऊ नये, असा बहुतेक को-ऑपचा दंडक असतो आणि त्यामागे अनुभव असतो. आपल्या वरच्या मजल्यावर हौसेने बाथरूम सरकवले गेले, तेव्हा दोन पावसाळे आपल्या पलंगावर बादली होती, हे तुला आठवत असेल. मालक सज्जन होता आणि टाइल्स उंची होत्या, तरी खालचे वॉटरप्रूफिंग गवंड्याने उरकून टाकले होते. तुझ्या बाबतीत वरचा शेजारी तूच असशील. विक्रेत्याने बोर्डाशी, म्हणजे को-ऑपच्या कमिटीशी, अल्टरेशन ॲग्रीमेंट (फेरबदलाचा करार) केले होते का, शहराच्या इमारत विभागाचा परवाना घेतला होता का, आणि काम संपल्यावर तो परवाना रीतसर बंद झाला का, या तिन्हींचे कागद हवेत. परवाना उघडा राहिला असेल, तर तो निस्तरण्याचे काम तुझ्या गळ्यात पडेल.

बोर्डाची मुलाखत तू उगाच हलकी समजू नकोस. आपल्याकडे सोसायटीने सभासदत्व नाकारले तर कारण लिहून द्यावे लागते, आणि तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सभासद झाला असे कायदा मानतो. मी मानद सचिव असताना आमच्या कमिटीने एका तरुण अविवाहित अर्जदाराला असेच ताटकळत ठेवले होते. लिहिण्यासारखे कारण कोणाकडेच नव्हते, म्हणून कोणी काही लिहिले नाही आणि मुदत उलटून तो सभासद झाला. पुढे गच्चीच्या दुरुस्तीत सर्वांत जास्त खपला तोच. त्या वेळी मी गप्प बसलो याची मला आजही लाज वाटते. न्यूयॉर्कमध्ये मुदत उलटली म्हणून कोणी आपोआप सभासद होत नाही. वंश, धर्म, मूळ देश अशा कारणांवरून भेदभाव करण्यास तिथे मनाई आहे, पण बोर्ड कारण सांगायला बांधील नसल्यामुळे नकाराचे मूळ शोधणे कठीण जाते. मॅडोनासारख्या गायिकेला १९८५ मध्ये सेंट्रल पार्क वेस्टवरच्या सॅन रेमो या को-ऑप इमारतीने नाकारले होते, मग तुझी माझी काय कथा. टेबलाच्या त्या बाजूला बसल्यामुळे मला एवढे ठाऊक आहे की कमिटीला मुख्यतः दोन भीती असतात: हा माणूस पैसे थकवील का, आणि हा भांडेल का. त्यामुळे घराचे पैसे भरल्यावरही वर्ष-दोन वर्षांचे हप्ते व मेन्टेनन्स भागेल इतकी रोकड खात्यात दिसू दे, विचारले तेवढेच बोल, आणि आणखी भिंती पाडण्याचा बेत तिथे काढू नकोस.

इमारतीची इतिवृत्ते तुझा वकील व्यवस्थापकाच्या कार्यालयात जाऊन वाचतो, ही चांगली पद्धत आहे. त्याला दोन गोष्टी मुद्दाम शोधायला सांग. पहिली, बाहेरच्या भिंतींची. सहा मजल्यांहून उंच इमारतींची दर्शनी बाजू तिथे दर पाच वर्षांनी तपासावी लागते. १९७९ साली ब्रॉडवेवर इमारतीचा तुकडा कोसळून एक विद्यार्थिनी मृत्युमुखी पडली, त्यानंतर हा कायदा आला. तपासणीत दोष निघाला की परांची, गवंडी आणि मग सभासदांवर जादा वर्गणी हा क्रम ठरलेला असतो. दुसरी गोष्ट बॉयलरची. पंचवीस हजार चौरस फुटांहून मोठ्या बहुतेक इमारतींवर २०२४ पासून कार्बन उत्सर्जनाची मर्यादा आली आहे आणि २०३० पासून ती अधिक कडक होणार आहे. जुन्या तेलावरच्या बॉयलरची इमारत असेल, तर तो खर्च कोणत्या फंडातून होणार हे आधी कळायला हवे. आपल्या सिंकिंग फंडासारखी त्यांची राखीव गंगाजळी किती आहे, हे ताळेबंदात दिसेल.

गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद, इमारतीच्या कर्जाचा कागद आणि त्या बाथरूमचा परवाना हाती आला की मला पाठव. शनिवारी सकाळी मी मोकळा आहे. तोवर बोली वाढवू नकोस. आई चिमणीच्या उत्तराची वाट पाहते आहे.

तुझे,
बाबा